सर्व्हर बाहेरून पाहा : कॉन्फिगरेशनमधल्या चुका शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत

२०१७ च्या जानेवारीत जगभरातील हजारो मोंगोडीबी डेटाबेस काही दिवसांच्या अवधीत रिकामे झाले. आतल्या नोंदी पुसून तिथे फक्त एक चिठ्ठी ठेवलेली होती : अमुक इतके बिटकॉइन पाठवा, म्हणजे माहिती परत मिळेल. पैसे पाठवूनही अनेकांच्या हाती काही लागले नाही, कारण बऱ्याच ठिकाणी पुसण्याआधी प्रत घेण्याचे कष्टही हल्लेखोरांनी घेतलेले नव्हते. या प्रकरणात सॉफ्टवेअरमधील कोणतीही त्रुटी वापरली गेली नव्हती आणि कोणताही पासवर्ड फोडला गेला नव्हता. ते डेटाबेस २७०१७ या पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनवरील एखाद्या सेवेचे क्रमांकाचे दार) साऱ्या इंटरनेटसाठी उघडे होते आणि त्यांना पासवर्ड लावलेलाच नव्हता. २०२० च्या जुलैमध्ये हेच पुन्हा घडले. या वेळी चिठ्ठीसुद्धा नव्हती, पुसलेल्या जागी फक्त ‘म्यांव’ असा शब्द असलेली नावे उरली होती.

अशा घटनांची कारणे शोधत गेल्यास अज्ञानापेक्षा एक वेगळीच गोष्ट वारंवार आढळते. कोणीतरी कधीतरी ‘तात्पुरते’ म्हणून काहीतरी उघडलेले असते, आणि नंतर सर्व्हरची जबाबदारी घेणारा माणूस कॉन्फिगरेशनची, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगची, फाइल पाहून सगळे ठीक असल्याचे गृहीत धरतो. फाइलमध्ये जे लिहिले आहे आणि सर्व्हर प्रत्यक्षात जे करतो आहे, या दोहोंत फरक पडू शकतो, आणि तो कसा पडतो हे पुढे तीनचार ठिकाणी दिसेलच. म्हणून या मार्गदर्शिकेत प्रत्येक बदलानंतर तो बाहेरून तपासण्यावर भर दिला आहे. डोळ्यांसमोर मांडणी धरली आहे ती छोट्या पतसंस्थेची, महाविद्यालयाची किंवा पाचदहा माणसांच्या कंपनीची : भाड्याने घेतलेली एक आभासी मशीन, तिच्यावर उबंटू किंवा डेबियन, एक वेब सर्व्हर, एक डेटाबेस आणि दोनतीन कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळे चालवणारे बंदिस्त कप्पे.

आधी पाहणी

‘आपला पत्ता कोणाला माहीत आहे?’ हा युक्तिवाद प्रथम सोडून द्यावा. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत, आणि मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केले तेव्हाच एका साध्या मशीनवरून, गिगाबिट जोडणी वापरून, ही सारी वस्ती एका पोर्टपुरती ४५ मिनिटांच्या आत धुंडाळता येत होती. शोडानसारखी शोधयंत्रे २००९ पासून अशा पाहणीचे निकाल कोणालाही शोधता येतील असे मांडून ठेवत आली आहेत. त्याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट अशी की एखाद्या उपडोमेनसाठी टीएलएस प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवून वाहतूक सांकेतिक करण्यासाठीचे) घेतले की ते नाव प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत लगेच दाखल होते. ‘टेस्ट’ किंवा ‘जुने’ अशा नावाने उभी केलेली चाचणीची साइट कोणाला कळणार नाही, असे समजणाऱ्याने स्वतःच तिची दवंडी पिटलेली असते.

पाहणी दोन बाजूंनी करावी. सर्व्हरच्या आतून एसएस ही आज्ञा टी, यू, एल, पी आणि एन या पर्यायांसह, रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवली की कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकतो आहे याची यादी मिळते. तिच्यात १२७.०.०.१ असा पत्ता दिसला तर ती सेवा फक्त त्याच मशीनपुरती आहे, ०.०.०.० किंवा चौकटी कंसातील दोन विसर्गचिन्हे दिसली तर ती प्रत्येक दिशेने येणाऱ्याला उत्तर देण्यास तयार आहे. त्यानंतर सर्व्हरशी संबंध नसलेल्या नेटवर्कवरून, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही चालेल, एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने सर्व ६५,५३५ पोर्ट तपासावेत. कोणताही पर्याय न देता एनमॅप केवळ सर्वाधिक वापरातील १,००० पोर्ट पाहतो, हे विसरू नये. आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा पत्ता असल्यास तीच तपासणी त्या पत्त्यावर वेगळी करावी लागते. हाताने लिहिलेले आयपीटेबल्सचे (लिनक्समधील फायरवॉलचे) नियम फक्त चौथ्या आवृत्तीला लागू होतात. सहावीसाठी वेगळे नियम लागतात, आणि पुढचे दार बंद करून मागचे सताड उघडे ठेवण्याचा हा एक नेहमीचा प्रकार आहे. ही सारी तपासणी स्वतःच्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या सर्व्हरवरच करावी, हे वेगळे सांगायला नको.

दोन्ही याद्या समोर ठेवून प्रत्येक उघड्या पोर्टपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : कोणता प्रोग्रॅम, कोणासाठी आणि कशासाठी. ज्या पोर्टपुढे ‘कशासाठी’ लिहिता येत नाही ती सेवा बंद करावी. काय बिघडते ते दोन दिवसांत कळतेच.

फायरवॉल, आणि तिला वळसा घालणारा डॉकर

उबंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल, म्हणजे नको ती वाहतूक अडवणारी भिंत, पुरेशी आहे. आत येणारी सर्व वाहतूक मूलतः नाकारावी आणि वेबचे ८० व ४४३ आणि एसएसएचचे (सर्व्हरवर दुरून काम करण्याच्या जोडणीचे) पोर्ट एवढ्यांनाच परवानगी द्यावी. क्रम मात्र सांभाळावा : एसएसएचला परवानगी देण्याचा नियम आधी लिहावा आणि फायरवॉल नंतर सुरू करावी, अन्यथा स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याची वेळ येते. बदल करताना दुसऱ्या खिडकीत एक एसएसएच सत्र चालू ठेवावे आणि तिसऱ्या खिडकीतून नवे सत्र उघडून पाहिल्याशिवाय ते बंद करू नये.

इथपर्यंतचे बहुतेकांना ठाऊक असते. अडचण पुढे येते. काही वर्षांपूर्वी मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर यूएफडब्ल्यूची स्थिती अगदी नेटकी दिसत होती, तीन पोर्ट सोडून सगळे बंद. आणि तरीही मोबाइलवरून केलेल्या तपासणीत पोस्टग्रेस या डेटाबेसचे ५४३२ हे पोर्ट उघडे आढळले. कारण कंटेनर चालवणारा डॉकर. कंटेनरचे पोर्ट बाहेर उपलब्ध करण्याची सूचना दिली की डॉकर स्वतःच आयपीटेबल्समध्ये नियम घालतो आणि आलेल्या पाकिटाचा (नेटवर्कवरील माहितीच्या तुकड्याचा) पत्ता मार्गनिश्चितीपूर्वीच बदलून ते कंटेनरकडे वळवतो. असे पाकीट पुढे पाठवण्याच्या साखळीतून जाते. यूएफडब्ल्यूने परवानगीचे नियम ज्या साखळीत लिहिलेले असतात, त्या आत येण्याच्या साखळीत ते शिरतच नाही. म्हणजे पहारेकरी दारावर प्रामाणिकपणे उभा आहे, फक्त पाहुणे दुसऱ्या जिन्याने वर जात आहेत. हे डॉकरच्या दस्तऐवजात नमूद आहे, पण ते वाचण्याची वेळ सहसा फटका बसल्यावरच येते.

यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे पोर्ट उपलब्ध न करणे. एकाच डॉकर नेटवर्कमधील कंटेनर एकमेकांशी नावाने बोलू शकतात, त्यामुळे वेब अॅप्लिकेशनला डेटाबेसपर्यंत पोहोचण्यासाठी ५४३२ बाहेर काढण्याची गरज नसते. मशीनवरील दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला ते हवेच असेल, तर कंटेनरांची मांडणी लिहिलेल्या कंपोझच्या फाइलमध्ये नुसता पोर्टचा आकडा न लिहिता त्याच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहावा. डॉकरने वापरकर्त्याच्या नियमांसाठी ‘डॉकर-यूझर’ नावाची वेगळी साखळी ठेवलेली आहे, तिचाही उपयोग करता येतो. मात्र मशीन ज्या क्लाउडवर आहे त्या पुरवठादाराची फायरवॉल वापरणे माझ्या मते सर्वांत भरवशाचे, कारण ती मशीनच्या बाहेर असते आणि आत कोणी काय नियम लिहिले याच्याशी तिला देणेघेणे नसते. यूएफडब्ल्यू आणि ही, दोन्ही ठेवाव्यात. डॉकरचे स्वतःचे नियंत्रण २३७५ या पोर्टवर नेटवर्कला उघडे करण्याचा सल्ला काही जुन्या लेखांत सापडतो; तो कधीही पाळू नये. त्या पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही हवा तो कंटेनर चालवून मशीनची संपूर्ण फाइल प्रणाली आत जोडून घेऊ शकतो, म्हणजे व्यवहारात तो रूट होतो.

एसएसएच : कोणती ओळ लागू होते?

पासवर्डने होणारा प्रवेश बंद करून चाव्यांच्या जोडीने प्रवेश सुरू करावा. ईडी२५५१९ प्रकारची जोडी आपल्या संगणकावर तयार करावी, खासगी चावीला सांकेतिक वाक्य लावावे आणि फक्त सार्वजनिक चावी सर्व्हरवर न्यावी. रूटचा थेट प्रवेश बंद ठेवून स्वतःच्या नावाच्या खात्यातून सूडो (तेवढ्यापुरता रूटचा अधिकार देणारी आज्ञा) वापरावे, म्हणजे कोणी काय केले याची नोंदही राहते.

आता यातील खाचखळगा. एसएसएचडीच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएचच्या प्रोग्रॅमच्या) मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो’ असे लिहिले, सेवा पुन्हा सुरू केली आणि समाधानाने उठलो, तरी पासवर्ड चालूच राहिलेला असू शकतो. ओपनएसएसएचमध्ये एकाच सेटिंगची दोन मूल्ये आढळली तर पहिले मूल्य लागू होते, शेवटचे नव्हे. उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच एका उपफोल्डरमधील सर्व फाइली वाचण्याची सूचना असते, आणि क्लाउडवरच्या मशीनमध्ये त्या फोल्डरात क्लाउड-इनिटने (मशीन प्रथम सुरू होताना तिची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमने) ठेवलेली, ‘५०’ या आकड्याने सुरू होणाऱ्या नावाची एक फाइल असू शकते. तिच्यात पासवर्डला ‘यस’ म्हटलेले असेल, तर खाली आपण लिहिलेल्या ‘नो’ला काही अर्थ उरत नाही. म्हणून फाइल वाचून निष्कर्ष काढू नये. एसएसएचडी हा प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने, मोठ्या लिपीतील टी हा पर्याय देऊन चालवला की तो सर्व फाइली वाचून झाल्यावर उरणारी अंतिम मूल्ये छापतो. त्यात पासवर्डची ओळ पाहावी. त्यानंतर दुसऱ्या संगणकावरून, चावी न देता, प्रवेशाचा प्रयत्न करावा. पासवर्ड विचारला गेला तर काम झालेले नाही.

पोर्ट २२ बदलून दुसरे घ्यावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याने लॉगमधील गोंगाट कमी होतो, सुरक्षा फारशी वाढत नाही. वारंवार चुकीचे प्रयत्न करणारे पत्ते अडवणाऱ्या फेल-टू-बॅनचेही तसेच : पासवर्ड बंद झाल्यावर त्याचे महत्त्व पुष्कळ कमी होते. ज्याकडे क्वचितच कोणी पाहते ती गोष्ट म्हणजे अधिकृत चाव्यांची फाइल. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची, काम संपलेल्या कंत्राटदाराची आणि हरवलेल्या लॅपटॉपची चावी तिच्यात वर्षानुवर्षे पडून राहते. प्रत्येक चावीच्या शेवटी कोणाची आणि कधी घातली हे लिहिण्याची सोय असते. ती वापरावी आणि ओळख न पटणारी चावी काढून टाकावी.

डेटाबेस आणि कॅश

डेटाबेस इंटरनेटवर उघडा ठेवण्याचे सबळ कारण मला आजवर भेटलेले नाही. कार्यालयातून पाहण्याची गरज असेल तर एसएसएचच्या बोगद्यातून किंवा वायरगार्ड या खासगी नेटवर्कच्या साधनावरून जोडावे. मोंगोडीबीने ३.६ या आवृत्तीपासून फक्त स्थानिक पत्त्यावर ऐकणे ही मूळ सेटिंग केली, आणि शोधासाठीच्या इलास्टिकसर्चने २०२२ मधील ८.० पासून सुरक्षा मुळातच चालू ठेवली. परंतु दुसऱ्या मशीनवरून जोडता येईना म्हणून पत्त्याच्या जागी ०.०.०.० लिहिणाऱ्या माणसापुढे मूळ सेटिंग हतबल ठरते. पोस्टग्रेसमध्ये प्रवेशाच्या नियमांची वेगळी फाइल असते आणि तिच्यात वरून खाली जुळणारी पहिली ओळ लागू होते. चाचणीच्या वेळी सर्वांत वर घातलेली ‘ट्रस्ट’ची ओळ राहून गेली, तर खालचे सारे कडक नियम शोभेचे ठरतात, कारण ‘ट्रस्ट’ म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणे.

रेडिस या कॅशचे, म्हणजे माहिती झटपट मिळावी म्हणून हाताशी ठेवणाऱ्या साठ्याचे, उदाहरण विशेष बोलके आहे. रेडिसचे निर्माते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २०१५ मध्ये स्वतःच दाखवून दिले की उघड्या रेडिसला तिची डेटाफाइल कुठे आणि कोणत्या नावाने साठवायची हे दुरून सांगता येते. तेव्हा डेटा म्हणून स्वतःची सार्वजनिक चावी भरायची, फाइलचे ठिकाण एसएसएचच्या अधिकृत चाव्यांच्या फाइलवर वळवायचे आणि मग राजरोसपणे एसएसएचने आत यायचे. म्हणजे ‘ती तर नुसती कॅश आहे, तिच्यात काय गुपित असणार’ हा विचार चुकीचा आहे. प्रश्न तिच्यात काय साठवले आहे इतकाच नसून ती प्रक्रिया मशीनवर काय करू शकते हाही आहे. ३.२ या आवृत्तीपासून रेडिसमध्ये संरक्षित अवस्था आली. ती बंद करू नये, पासवर्ड लावावा आणि रेडिस कधीही रूट म्हणून चालवू नये. अॅप्लिकेशनला डेटाबेसमध्ये दिलेले खातेही मुख्य प्रशासकाचे नसावे. ज्याला फक्त चार तक्त्यांत नोंदी करायच्या आहेत त्याला तक्ते पुसण्याचा अधिकार कशाला?

आपल्या चुकीचा त्रास आपल्यालाच होतो असेही नाही. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका लोंढा आदळला, तो इतरांच्या उघड्या मेमकॅश्ड (अशीच एक कॅश) सर्व्हरांचा वापर करून. ११२११ या यूडीपी पोर्टवर छोटीशी, खोट्या पत्त्याची विचारणा पाठवली की कित्येक हजार पट मोठे उत्तर त्या खोट्या पत्त्यावर जात होते. त्या सर्व्हरांच्या मालकांपैकी बहुतेकांना आपण या हल्ल्यात सामील झालो याचा पत्ताही नसणार.

वेब सर्व्हर : जे देऊ नये तेही देणारा

वेब सर्व्हरला एक फोल्डर दाखवले की तो त्यातील सर्व काही वाटू लागतो. संपूर्ण प्रकल्पच त्या फोल्डरात ठेवला असेल, तर डॉट-गिट फोल्डरातून साऱ्या कोडचा इतिहास आणि डॉट-एन्व्ह फाइलमधून डेटाबेसचे पासवर्ड व मेलसेवेच्या चाव्या कोणालाही मिळतात. स्वयंचलित शोधक इंटरनेटवर दिवसरात्र याच दोन नावांची विचारणा करत फिरत असतात. कोणत्याही वेब सर्व्हरचा लॉग उघडावा, काही मिनिटांत त्यांच्या पाऊलखुणा सापडतील. उपाय दोन पातळ्यांवर करावा. प्रकल्पातील ‘पब्लिक’ किंवा तत्सम उपफोल्डर एवढाच वेब सर्व्हरचा मूळ फोल्डर ठेवावा आणि त्याशिवाय टिंबाने सुरू होणारे सर्व मार्ग नाकारणारा नियम लिहावा. त्या नियमातून डॉट-वेल-नोन हा मार्ग वगळावा, कारण प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची पडताळणी त्यावरून होऊ शकते. नंतर कर्ल या आज्ञेने डॉट-गिट आणि डॉट-एन्व्ह हे दोन्ही मार्ग बाहेरून मागून पाहावेत आणि उत्तर ४०४ (सापडले नाही) किंवा ४०३ (मनाई) येते याची खात्री करावी. फाइल कधीकाळी बाहेर दिसत होती असे आढळले तर ती लपवणे पुरेसे नाही. तिच्यातील प्रत्येक पासवर्ड आणि चावी बदलावी लागते. हाच न्याय मूळ फोल्डरात ‘थोड्या वेळासाठी’ ठेवलेल्या डेटाबेसच्या प्रतीला आणि झिप फाइलला लागू आहे.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ‘अलियास’ (पत्त्यातील मार्ग एखाद्या फोल्डरशी जोडणारी सूचना) वापरताना एक बारीकशी चूक नेहमी होते. मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ नाही आणि ‘अलियास’च्या फोल्डराच्या शेवटी मात्र आहे, असे लिहिले गेले तर मार्गाला दोन टिंबे जोडून विचारणा करणारा माणूस त्या फोल्डरच्या एक पायरी वरच्या फोल्डरातील फाइली मिळवू शकतो. दोन्हीकडे रेघ द्यावी. एका अक्षराची चूक आहे, साइट व्यवस्थित चालते, म्हणून ती कोणाच्या नजरेस येत नाही.

डिबग अवस्था (चुका शोधण्यासाठी आतली माहिती दाखवणारी) उत्पादन सर्व्हरवर, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्यावर, कधीही चालू ठेवू नये. २०१५ मध्ये पॅट्रिऑन या संकेतस्थळाची माहिती चोरीस गेली, ती लोकांना दिसेल अशा ठेवलेल्या डिबग आवृत्तीतून. जँगो आणि लाराव्हेल या साइट बनवण्याच्या दोन्ही चौकटींत एकच सेटिंग असते आणि ती बंद आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे मुद्दाम अस्तित्वात नसलेला पत्ता मागणे : साधे ‘सापडले नाही’ असे पान यावे, साइटची आतली तांत्रिक माहिती नव्हे. जँगो डिबग अवस्थेत अशा वेळी साइटवरील पत्त्यांच्या मांडणीची यादीच दाखवतो. लाराव्हेलसाठी अंतिम कॉन्फिगरेशनमधील मूल्यही पाहून घ्यावे.

एकावर एक असे दोन अडसर का हवेत, हे अपाची या वेब सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीने दाखवले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्यात अशी त्रुटी उघड झाली की मार्गातील टिंबे सांकेतिक रूपात लिहून मूळ फोल्डरच्या बाहेरच्या फाइली वाचता येत होत्या. पण कॉन्फिगरेशनमध्ये संपूर्ण फाइल प्रणालीला ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ लावलेले होते तिथे ही विचारणा तशीच परत गेली. ज्यांनी कधीतरी काही चालेना म्हणून ते ‘ग्रँटेड’ करून ठेवले होते, त्यांचेच दार उघडले.

टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्येच अधिकृतपणे बाद ठरल्या आहेत, १.२ आणि १.३ एवढ्याच ठेवाव्यात. प्रमाणपत्राचे नूतनीकरण स्वयंचलित असले तरी त्याची मुदत बाहेरून तपासणारी एखादी छोटी स्क्रिप्ट चालवावी. इक्विफॅक्स या लोकांची पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीत २०१७ साली वाहतुकीची तपासणी करणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्रच मुदतबाह्य झालेले होते, त्यामुळे चोरी चालू असताना ते काही पाहू शकले नाही. २९ जुलैला प्रमाणपत्र बदलले आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसू लागली.

क्लाउडवर

इथे दोन गोष्टी पुरेत. पहिली, साठवणुकीच्या बकेटा (क्लाउडवरील फाइलींचे साठे) खासगी ठेवाव्यात. अॅमेझॉनने एस३ या साठवणूक सेवेमध्ये सार्वजनिक प्रवेश सरसकट रोखण्याची सोय २०१८ मध्ये आणली आणि २०२३ च्या एप्रिलपासून नव्या बकेटांना ती मुळातच लावली. जुन्या बकेटा मात्र आपल्या आपणच पाहायच्या आहेत. दुसरी, मशीनला दिलेले अधिकार. २०१९ मध्ये कॅपिटल वन या बँकेकडील अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. चुकीच्या कॉन्फिगरेशनच्या वेब फायरवॉलला हल्लेखोराने १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरील, मशीनला तिची स्वतःची माहिती देणाऱ्या क्लाउडच्या अंतर्गत सेवेकडे विचारणा करायला लावले आणि तिथून त्या मशीनच्या तात्पुरत्या चाव्या मिळवल्या. फायरवॉलचे काम करणाऱ्या मशीनला साठवणुकीतल्या इतक्या फाइली वाचण्याचा अधिकार नसता, तर त्या चाव्या मिळूनही फारसे काही साधले नसते. म्हणून प्रत्येक मशीनला लागेल तेवढाच अधिकार द्यावा आणि त्या अंतर्गत सेवेची, टोकन मागणारी दुसरी आवृत्ती सक्तीची करावी.

अद्ययावत ठेवणे

सुरक्षाविषयक अद्यतने आपोआप बसवणारे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ चालू ठेवावे. लायब्ररी नवी बसली तरी आधीपासून चालू असलेल्या प्रक्रिया जुनीच वापरत राहतात. कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायला हव्यात ते ‘नीडरीस्टार्ट’ सांगते, आणि कर्नलसाठी मशीनच पुन्हा सुरू करावी लागते. चारशे दिवस अखंड चालू असलेला सर्व्हर ही मिरवण्याची गोष्ट राहिलेली नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आहे. त्यावर अजून काही चालू असेल तर या लेखातील बाकी सर्व कामांच्या आधी ते हलवावे.

लॉग, घड्याळ आणि बॅकअप

रूट मिळवलेला माणूस त्याच मशीनवरील लॉग पुसू शकतो, म्हणून लॉगची प्रत दुसऱ्या मशीनवर जायला हवी. भारतातील कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्था यांच्यासाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे, घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवलेली ठेवणे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. घड्याळाची अट वाचताना किरकोळ वाटते. परंतु दोन मशीनच्या लॉगमध्ये सात मिनिटांचा फरक असताना कोणती घटना आधी घडली हे शोधण्याचा प्रसंग आल्यावर तिचे मोल कळते.

बॅकअपच्या बाबतीत गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेने स्वतःच जाहीरपणे मांडलेली हकीकत वाचण्यासारखी आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचे फोल्डर पुसले. त्यांच्याकडे पाच प्रकारच्या बॅकअप व प्रतिकृतींची व्यवस्था होती आणि त्यातील एकही नीट उपयोगी पडली नाही. नित्याचा बॅकअप घेणारे साधन ९.२ आवृत्तीचे होते आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, त्यामुळे बॅकअप दररोज अपयशी ठरत होता. आणि अपयशाची सूचना देणाऱ्या मेल स्वीकारल्याच जात नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने (त्या क्षणाच्या डिस्कच्या प्रतीने) लाज राखली. म्हणून महिन्यातून एकदा तरी बॅकअप दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष उतरवून, त्यातील कालची एखादी ओळखीची नोंद उघडून पाहावी. सर्व्हरकडे बॅकअप पुसण्याचा अधिकारही असू नये. बॅकअपच्या मशीनने येऊन प्रत घेऊन जावी ही दिशा बरी, कारण मग सर्व्हर हातचा गेला तरी प्रत शाबूत राहते.

तात्पुरते ते तात्पुरतेच राहावे यासाठी

सर्व्हरवर थेट हात फिरवण्याऐवजी बदल अॅन्सिबलसारख्या, बदल लिहून ठेवून लागू करणाऱ्या साधनातून करावेत, आणि ते जमत नसेल तर निदान कॉन्फिगरेशनच्या फाइली असलेले ‘ईटीसी’ फोल्डर एटसीकीपरने गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवावे, म्हणजे कोणती ओळ कधी बदलली हे पाहता येते. एखादे पोर्ट तासाभरासाठी उघडणे भागच पडले, तर ते उघडण्याआधी ‘अॅट’ या आज्ञेने ते बंद करण्याचे काम दोन तासांनंतरच्या वेळेस लावून ठेवावे. उघडणारा माणूस जेवायला गेला, घरी गेला किंवा नोकरी सोडून गेला, तरी पोर्ट बंद होईल.

पहिल्या दिवशी केलेल्या एनमॅप तपासणीचा निकाल फाइलमध्ये जपून ठेवावा आणि तीच तपासणी दर आठवड्याला बाहेरच्या मशीनवरून आपोआप चालवून एनडिफ या तुलना करणाऱ्या साधनाने दोन्ही निकालांतील फरक स्वतःकडे मागवावा. बहुतेक आठवड्यांत फरक रिकामा येईल. नवे पोर्ट दिसले तर ते कोणी उघडले हे आधी सहकाऱ्यांना विचारावे. कोणालाच माहीत नसेल, तर मशीन घाईने बंद किंवा पुन्हा सुरू करू नये, कारण स्मृतीतील पुरावे त्याबरोबर जातात. क्लाउडच्या फायरवॉलने तिला स्वतःच्या पत्त्याखेरीज सर्वांपासून तोडावे, डिस्कचा स्नॅपशॉट घ्यावा, चालू प्रक्रियांची आणि जोडण्यांची यादी बाहेर काढून ठेवावी आणि घुसखोरीच्या खुणा आढळल्यास सर्ट-इनला कळवण्याच्या सहा तासांचा हिशेब तिथपासून सुरू झाला असे समजावे. त्या मशीनची साफसफाई करून ती पुन्हा वापरण्याच्या मोहात पडू नये. नवी मशीन उभारावी, घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपवरून डेटा आणावा, आणि जुन्या मशीनवर कधीही ठेवलेला प्रत्येक पासवर्ड, प्रत्येक चावी आणि प्रत्येक टोकन बदलावे.